स्वरूपाची झोपेतली ताकद

बाथरूमच्या दाराची कडी बदलायला आलेला सुतार दारातच थबकला. "मॅडम, फिर टूट गई?"

अपूर्वा हसली. "हमारी बेटी पहलवान है ना."

सुतारही हसला. आईमागे उभ्या असलेल्या सात वर्षांच्या स्वरूपाने मात्र मान खाली घातली. खरं काय ते फक्त त्या दोघींना माहीत होतं. स्वरूपाच्या अंगात दहा माणसांची ताकद होती. जागेपणी तिला पाण्याच्या बाटलीचं झाकणही उघडत नसे. पण एकदा झोप लागली की ताकद अंगात यायची आणि उठल्यावर तिला काहीच आठवायचं नाही. कपाटाचा आरसा तिनेच फोडला होता. गेल्या महिन्यात आईचं मनगटही तिनेच मोडलं होतं.

आई प्लास्टर घालून आली, त्या दिवशी तिनेच हे गुपित सांगितलं होतं. कुणाकडे बोलायचं नाही, लोक तुला घेऊन जातील, असंही बजावलं होतं.

वरच्या क्वार्टरमधल्या अलकनंदाकाकूंनी जिन्यात हाताचं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, पाय घसरला. आई आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे स्वरूपाला कळलं. काकू हलेनात. त्यांनी वाकून तिलाच विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं घरात?"

"आता होईल," स्वरूपा म्हणाली. "मी दूध बंद केलंय."

काकूंना काही उमगलं नाही. पण स्वरूपाचा हिशेब सरळ होता. दुधाने ताकद येते, असं सगळेच सांगतात. ती रोज सकाळी पेला गुपचूप सिंकमध्ये ओतायची. शाळेत प्रार्थनेला उभं राहिलं की पाय लटपटायचे. ते तिला बरं वाटायचं.

नंतर आठ दिवस काहीच फुटलं नाही. आई भाजी चिरताना गुणगुणू लागली.

"आई, ताकद गेली माझी. पक्का गेली."

आईने तिला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

रविवारी बाबा लखनौच्या टूरवरून परतले. येताना रेवडी आणली होती. आईने बॅग हातातून घेतली आणि "यतीन, आधी जेवून घे," म्हणाली. जेवणं झाल्यावर तिने स्वरूपाला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं.

रजई उबदार होती. डोळे मिटू लागले तशी स्वरूपा घाबरली. ताकद परत आली तर? तिने मफलर पलंगाच्या दांड्याला अडकवला, दोन्ही हात त्यात घातले आणि दातांनी गाठ आवळली. आता झोप लागली तरी आईला काही होणार नव्हतं.

इतक्यात स्वयंपाकघरात काहीतरी खळ्‌कन फुटलं.

स्वरूपाने हातांकडे पाहिलं. गाठ तशीच होती. ती तर जागीच होती.

भिंतीपलीकडून आईचा दबका आवाज आला. "यतीन, हळू. स्वरूला जाग येईल."