हजार दोनशे वाक्यं

चौथा स्क्रू बसेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता. शर्टांना बटणं लावून लावून सरावलेली बोटं ती, पण आज घामाने निसरडी झाली होती. कॉम्प्युटरच्या उघड्या पेटीत आता दोन हार्ड डिस्क होत्या. वरची जुनी, खालची सकाळीच दुकानातून आणलेली नवी. तिने नव्या डिस्कला एक अरुंद वायर लावली, मग एक रुंद.

"करू चालू?"

नवऱ्याने मान डोलावली. त्याच्या मांडीवर वही होती, हातात पेन्सिल. उद्या सकाळी आठला त्याच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. आवाज धड होता तेव्हाच, डॉक्टरांनी दिलेली यादी पुढ्यात ठेवून त्याने हजार दोनशे वाक्यं रेकॉर्ड केली होती. पुढे एक लहानसं यंत्र ती वाक्यं त्याच्याच आवाजात बोलणार होतं. आता त्याच्या घशातून जवळजवळ नुसती हवाच यायची. पुन्हा रेकॉर्ड करायची सोय उरली नव्हती. आणि सगळी वाक्यं होती ती एकट्या जुन्या डिस्कवर. तीच कालपासून टकटक करायला लागली होती.

दुकानदाराला स्वतः यायला परवापर्यंत सवड नव्हती. त्याने पायऱ्या कागदावर लिहून दिल्या आणि वर बजावलं, "वहिनी, ती आता एकदा उठेल, दुसऱ्यांदा उठेलच असं नाही. चालू झाली की सगळं नव्या डिस्कवर काढून घ्या. मध्येच बंद करू नका."

तिने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. मग टक्. टक्. टक्. पडदा काळाच राहिला. बऱ्याच वेळाने पडदा उजळला, तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पडद्यावर जुनी डिस्क दिसत होती. नवी कुठेच नव्हती.

नवऱ्याने वहीत लिहिलं, 'वायर बसली नाही. बंद कर.'

"थांबा जरा."

त्याने 'बंद कर'खाली दोन रेघा मारल्या. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये फोरमन होता तो. मशीन अडलं की आधी बंद करायचं, हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं. ती दुकानदाराचा कागद डोळ्यांजवळ धरून वाचत होती. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. टकटक वाढत होती. तो उठला, पेटीपाशी वाकला आणि त्याचं बोट बटणाकडे गेलं.

तिने त्याचं मनगट पकडलं.

"हात लावाल तर बघा!"

असा आवाज तिने कधी कुणावर चढवला नव्हता. तो जागच्या जागी थिजला. मनगट न सोडताच तिने मोठ्याने वाचलं, "'नवी डिस्क आपोआप दिसणार नाही. तिला आधी तयार करावी लागते. घाबरू नका.' लिहिलंय इथे. घाबरू नका, असंसुद्धा लिहिलंय."

त्याचा हात सैल पडला.

कागदावर लिहिल्याप्रमाणे तिने पडद्यावर एक वेगळी खिडकी उघडली. तिथे दोन पट्टे होते. वरचा जुन्या डिस्कचा, खालचा नव्या डिस्कचा, काळा, कोरा. त्यातला एक निवडून, पुसून तयार करायचा होता. चुकीचा निवडला तर सगळा आवाज जाणार. तिने माऊस खालच्या पट्ट्यावर नेला आणि थांबली. कापडावर कात्री टाकण्याआधी ती दोनदा माप घ्यायची. इथे तिने चारदा घेतलं.

"हाच ना? खालचा?"

त्याने पडद्यावर बोट टेकवलं. खालीच.

नवी डिस्क तयार झाली. वाक्यं एकेक करून तिकडे जाऊ लागली. हिरवी पट्टी सरकत होती. शंभर. तीनशे. सहाशे. सहाशे अकराव्याला पट्टी अडकली आणि टकटकीचा सूर बदलला, दात वाजावेत तसा. फाइल वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. अजून रेटावं, तर डिस्कच जायची.

"सोडू?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग मान डोलावली. तिने ते वाक्य सोडलं. पुढचंही सोडावं लागलं, त्याच्या पुढचंही. आणि मग पट्टी जी सुटली ती थेट शेवटाला जाऊन थांबली.

तिने नव्या डिस्कवरचं हाताला लागेल ते एक वाक्य वाजवलं.

"जरा खिडकी उघडतेस का?"

खोलीभर त्याचा आवाज घुमला. भरदार, थोडा चिडका. ती खरोखरच खिडकीकडे वळली. मग खुर्चीत बसली आणि तिने चेहरा ओंजळीत झाकून घेतला. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि डॉक्टरांची यादी ओढली. "गेली कुठली, बघू तरी. सहाशे अकरा, 'मला भूक नाही.' बारा, 'दार लावून घे.' तेरा..."

ती थांबली. त्याने कागद आपल्याकडे वळवून वाचला.

'मला काही दुखत नाही.'

त्याने वहीत लिहिलं, 'आत्ता म्हणून बघू? थोडा आवाज निघेल.'

तिने वही मिटली.

"राहू दे ते," ती म्हणाली. "तेवढं एक ऐकत बसले, आणि डॉक्टरांकडे जायला सहा महिने उशीर झाला."