लोखंड

पुढच्या दारात लवू फावडं घेऊन उभा होता आणि मागच्या खिडकीतून त्याची बायको चंपा हात बाहेर काढत होती.

"आत पाय टाकलास तर तंगरीच तोरीन!" लवू ओरडत होता. "माजी बायको टोचून घेनार न्हाय!"

समोर सरकारी शिपाई होता. देवीची साथ आहे, वरून हुकूम आहे, घरटी सगळ्यांना टोचायचंय, एवढंच तो बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता. फावड्याचा दांडा कपाळावर बसला तेव्हा तो सांगायचा थांबला आणि डोकं धरून खाली बसला. लवूनं त्याला आणखी एक लाथ घातली.

मागं, बांबूच्या गजांपलीकडे, लस टोचणारा परशुराम उकिडवा बसला होता. साल त्रेसष्टचं. भाईंदरच्या मिठागरावरच्या वस्तीत तीन दिवस शिव्या खाऊन पुढच्या दारानं काही होत नाही, हे त्याला पुरतं कळलं होतं.

"यानं पोर राहील ना?" चंपानं विचारलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

"यानं काही अडत नाही, बाई. अंगावर देवी आल्या तर मात्र आईबरोबर पोटातलंही जातं."

ते तिला माहीत होतं. शेजारची सुगंधा सोमवारीच गेली होती, पाचव्या महिन्यात. महिन्यापूर्वीच्या फेरीत तिला टोचलं होतं, पण माणसं वळताच घरच्यांनी मिठानं हात घासून लस काढून टाकली. वस्तीत सगळे तसंच करायचे. सुगंधाच्या हातावर तेव्हा तांब्यानं पाणी ओतलं ते चंपानंच.

त्यात चंपाच्या घरी नवस होता. सासूनं, शेवंतीनं, देवीला शब्द दिला होता, सुनेला पोर होईस्तोवर तिच्या अंगाला लोखंड लागणार नाही. अकरा महिने चंपानं कोयता धरला नव्हता की केसांत आकडा खोवला नव्हता. कालवणाचं म्हावरंसुद्धा सासूच कापायची आणि कापता कापता रोज ऐकवायची.

परशुरामानं तिच्या डाव्या हातावर, कोपराखाली, लशीचा थेंब टाकला, त्यावर दातेरी लोखंडी चकती टेकवली आणि पिळली. चंपानं पदर दातांत धरला. दुसऱ्यांदा पिळून झाल्यावर ती त्याला हळूच काहीतरी म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं, पुढच्या आरडाओरड्याचा कानोसा घेतला आणि मान डोलावली.

लवू आत आला तो छाती फुगवून.

"पलवला त्याला! कपालच फोरलं साल्याचं..."

मग त्याला बांबूच्या गजावरचं रक्त दिसलं.

पहिली थप्पड तिच्या कानाखाली बसली, दुसरी तोंडावर. ओठ फुटला. लवूनं तिला केसांना धरून जमिनीवर आपटलं आणि आईला हाक मारली, "आये, मीठ आन!"

शेवंतीनं टोपली आणली. लहानपणी देवी आल्या तेव्हा तिचा एक डोळा गेला होता आणि तोंडभर वण राहिले होते. देवीनं तेवढ्यावर सोडलं म्हणून ती जन्मभर देवीला भीत आली होती. ती सुनेच्या पायांवर बसली.

"लोखंड लागलं गो," ती रडत म्हणाली. "आता कुटलं पोर आनि कुटलं काय!"

लवूनं तिचा डावा हात गुडघ्याखाली दाबला, त्यावर जाडं मीठ ओतलं आणि काथ्यानं घासायला लागला. चंपा किंचाळली. त्याच्या मांडीला कडकडून चावली. उजवा हात मात्र तिनं अंगाखाली दाबून ठेवला. मार चुकवायलासुद्धा तो बाहेर काढला नाही.

कातडी सोलली. मीठ लाल झालं. शेवटी लवूच दमला.

"निघाली," तो धापा टाकत म्हणाला. आई पायांवरून उठली.

चंपा हळूहळू उभी राहिली. डाव्या हाताच्या बोटांवरून रक्त गळत होतं. कुडात सासूचा कोयता खोवलेला होता. तिनं उजव्या हातानं तो उपसला.

पदर खाली गेला. त्या हातावरही कोपराखाली दोन गोल ठिपके होते, ओले, ताजे.

"हा पन?" लवू म्हणाला. त्यानं टोपलीतलं मूठभर मीठ उचललं आणि तो पुढं झाला.

चंपानं कोयता फिरवला. लवूच्या तळहातावर आडवी रेघ उमटली, रक्त आलं, आणि मुठीतलं मीठ त्या रक्तात गेलं. तो गुरासारखा ओरडला आणि हात झटकत भिंतीशी गेला.

"सुगंधाच्या हातावर मीच पानी ओतलं," चंपा म्हणाली. कोयता तिनं तसाच रोखून धरला होता. "पोर मना बी पायजे. पन त्याला जिती आय लागंल."

कोणी पुढं आलं नाही. शेवंती एका डोळ्यानं कोयत्याकडे बघत राहिली.

"लोखंड धरलंस गो," ती शेवटी म्हणाली.

"धरलं," चंपा म्हणाली. "उद्यापासून म्हावरं मीच कापीन."