स्वहस्ते

कृत्रिम त्वचा केंद्रात आलेल्या डॉ. तामणकरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. प्रयोगशाळेतल्या आगीत भाजल्यापासून त्यांच्या तळव्यांवर पॉलिमरची त्वचा होती. त्या पातळ फिल्ममधून वीज वाहायची आणि स्पर्श मज्जातंतूंपर्यंत पोचायचा. महिन्यापूर्वी ती बधिर झाली होती.

“इथल्या फिल्म वर्षानुवर्षं टिकतात म्हणे,” ते म्हणाले. “नात झालीय मला. तिच्या गालाला हात लावतो, पण काहीच कळत नाही.”

केंद्रप्रमुख हेमांगी वर्तकने तोंडावरचा मास्क काढला, तेव्हा त्यांनी तिला ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी ती त्यांची विद्यार्थिनी होती. ही फिल्म तिनेच शोधली होती. शोधनिबंध मात्र त्यांच्या एकट्याच्या नावाने छापला गेला. ‘सर्व प्रयोग मी स्वहस्ते केले,’ असं त्यात लिहिलं होतं.

तिने नवी, निळी फिल्म आणि आम्लाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली.

“सर, तुम्ही हे स्वहस्ते केलंय. करा.”

“हेमांगी, मुद्दाम करतेयस तू.”

“हो.”

त्यांनी फिल्मला आम्लाची वाफ दिली. फिल्म हिरवी झाली, पण वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा जेमतेम हलला. वाफ देण्याआधी फिल्म ताणावी लागते, तरच तिचे रेणू ओळीत येतात आणि वीज नीट, वर्षानुवर्षं वाहते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढं एक तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

“आधी काय करायचं असतं?” त्यांनी मान खाली घालून विचारलं.

हा प्रश्न ऐकायला ती अकरा वर्षं थांबली होती.

“माझ्या नावाने छापून येईल, तेव्हा वाचा,” ती म्हणाली आणि तिने पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.