सरांचा जांभळा थर

क्लोरोफॉर्म नारिंगी झालं तेव्हा तिने आधी बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचलं. मग चिमट्याने काच वर काढली. काच स्वच्छ होती. चष्म्याला लावावी इतकी.

मघापर्यंत काचेवर जांभळा थर होता; तो विरघळूनच द्रावण नारिंगी झालं होतं. सरांचा थर. वीज वाहून नेणारं प्लास्टिक, आणि तेही काचेवर ओतलेलं नव्हे, काचेलाच मुळं धरून उगवलेलं, क्लोरोफॉर्मने धुतलं तरी न सुटणारं. केसांचा टोप आणि डोक्यावर उगवलेले केस यांत जो फरक तोच इथे, असं सर भाषणात सांगत. टोपाला एक झुळूक पुरते. या दाखल्यावर लोक हसत आणि मग टाळ्या वाजवत. सरांना पारितोषिक मिळालं, वेगळी खोली मिळाली आणि ही काच कुलपाच्या कपाटात जाऊन बसली.

तिचे स्वतःचे थर मात्र धुतले की जात. चार वर्षं जात होते. सर म्हणत, "तुझा हात जड आहे." सासूबाई विचारत, "अजून काचा धुवायलाच शिकवतायत का गं तुला?" सोमवारी समिती बसणार होती. टिकलेला थर दाखवता आला नाही, तर पीएचडीची नोंदणी रद्द. म्हणून तिने आज सरांच्या खणातली किल्ली घेऊन कपाट उघडलं. सरांवर शंका घेण्याइतकी ती शिकलेली नव्हती. धुतल्यावरही टिकलेला थर दिसतो तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढंच मनात होतं.

सर आत आले.

"सर, तुमची काच... मी धुतली."

सरांनी नारिंगी द्रावणाकडे पाहिलं. ते रागावले नाहीत.

त्यांनी ड्रॉपर घेतला. त्याच द्रावणाचे थेंब काचेवर सोडले आणि काच अलगद तिरकी धरली. क्लोरोफॉर्म उडून गेलं. मागे थर राहिला, सुकून पुन्हा जांभळा, कडेपर्यंत सारखा. हात हलका होता. सरावाचा.

काच कपाटात गेली. कुलूप लागलं.

"म्हणजे तो कधी उगवलाच नव्हता?"

"उगवेल असं वाटलं होतं. पारितोषिक आधी आलं." सर खुर्चीत बसले. "म्हणून तर हा विषय विद्यार्थ्यांना देतो. कुणीतरी उगववून दाखवेल. मग मी खोटा उरत नाही."

"आणि सोमवारी मी काय दाखवू?"

"न धुतलेला थर."

"त्यांनी धुवून दाखवा म्हटलं तर?"

सरांनी किल्ली खिशात टाकली.

"नाही म्हणणार. समितीवर दोघं माझेच जुने विद्यार्थी आहेत. दोघांनाही हाच विषय होता."