आखूड तिसरी मात्रा

“तिसरी मात्रा आखूड पडतेय,” पोळी लाटता लाटता सुरेखाने निकाल दिला.

डॉक्टर चंद्रहासांना ते मुळीच पटलं नाही. बाहेरच्या खोलीत त्यांची लेक शर्वाणी पियानोवर शेवटची उजळणी करत होती. आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठातली तिची अंतिम परीक्षा, पण लॉकडाऊनमुळे ती ड्रोहेडाच्या घरातूनच, लॅपटॉपसमोर बसून द्यायची होती. वाजवायच्या होत्या स्वतः रचलेल्या पाच छोट्या रचना, नॉर्वेच्या खेड्यांतल्या तीन मात्रांच्या नाचावर बेतलेल्या. आज चुकली तर पुढे ऑस्लोला शिकायची जागा हातची जाणार होती.

चंद्रहासांनी फ्रिजला टेकून टाळी धरली. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. प्रत्येक टाळी सुरावर चपखल बसली. “अगदी ग्रँड आहे,” त्यांनी जाहीर केलं. सुरेखा बारा वर्षं गाणं शिकलेली. ‘आपला तो बाब्या’ एवढंच पुटपुटून तिने पोळी उलटली.

आपल्या तालाचा चंद्रहासांना भारी अभिमान. ड्रोहेडाच्या गणपतीत आरतीच्या झांजा वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात असायच्या. कोविडच्या आदल्या वर्षी मंडळाच्या उपेंद्रने त्या हळूच काढून घेतल्या आणि त्यांना कापूर लावायचं काम दिलं. हा वडीलकीचा मान, असं त्यांनी घरी येऊन कौतुकाने सांगितलं होतं. सुरेखाने तेव्हा विषय बदलला होता.

अकरा वाजता स्क्रीनवर तीन परीक्षक आले. नवराबायको दाराआड उभे राहिले. शर्वाणीने पाचही रचना वाजवल्या. चंद्रहासांची बोटं मांडीवर ठेका धरून होती, आणि एकही मात्रा हुकली नाही.

मधल्या परीक्षक बाईंनी चष्मा काढला. या नाचातल्या तीन मात्रा कधीच सारख्या नसतात, त्या म्हणाल्या. नॉर्वेत खोऱ्याखोऱ्याचं माप वेगळं, आणि गंमत म्हणजे तिथल्या माणसांना आपलं माप सरळच वाटतं. त्यांनी बरीच खोरी पालथी घातली होती, पण हे माप कुठे ऐकलं नव्हतं.

“हे कुठल्या खोऱ्यातलं?”

सुरेखाने डोळे मिटून घेतले.

“आमच्या घरातलं,” शर्वाणी आपल्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत म्हणाली. “लहानपणी बाबा मला थोपटून झोपवायचे. त्यांची तिसरी थाप नेहमी आखूड पडते. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं, जगातले सगळे तीन असेच असतात.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पहिली रचना पुन्हा वाजवायला लावली आणि ती संपल्यावर म्हणाल्या, ऑस्लोला मी स्वतः तुझी शिफारस कळवते.

चंद्रहासांचा हात मांडीवरच थांबला. झांजा, कापूर, वडीलकीचा मान, सगळ्याचा एकदम उलगडा झाला. कान तापले. तरी फुगलेली छाती काही खाली बसेना. नॉर्वेतल्या माणसांना आपलं माप घडवायला एकेक खोरं लागलं होतं. इथे त्यांनी एकट्याने काम भागवलं होतं.

सुरेखा आत गेली. देवघरातल्या झांजा आणून तिने त्यांच्या हातात ठेवल्या.

“यंदा कापूर उपेंद्रला लावू दे.”