एका भाकरीचे वाटेकरी

"इंग्रजीतल्या 'कंपॅनियन' शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली भाकरी आहे," ओसरीवर बसलेला हेमंत सांगत होता. "एका भाकरीचे वाटेकरी, तेच सोबती."

"मग हॉस्टेलवर माझा डबा फस्त करायचास, तो भाषेचा अभ्यास होता तर!" सुगत हसला. तो हेमंतच्या घरी प्रथमच आला होता.

आई दारात आली. सुगतचे आडनाव तिने मघाशीच विचारून घेतले होते. तिने त्याचे ताट ओसरीवर ठेवले आणि मुलाला म्हणाली, "तुझं आत वाढलंय. चल."

हेमंत मान खाली घालून आत गेला. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला. अखेर तो ताट घेऊन उठला, उंबरठ्यापर्यंत आला.

सुगत जेवून, अंगणातल्या नळाखाली स्वतःचे ताट धुऊन उभा होता.

"हे बाहेरच ठेवायचं ना?" त्याने हळूच विचारले.