विचारलं म्हणून

मुंजाबाचा फोन दर दोन मिनिटांनी टुंग वाजायचा आणि दावणीची शेरडं कान टवकारायची. वर्षभरानं पहिल्यांदाच पडेगावला माहेरी आलेल्या दिपालीला ते ऐकवेना. तिनं फोन ओढून घेतला, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये शिरली आणि कपाळावर हात मारला. सत्तेचाळीस वेबसाइटना नोटिफिकेशन पाठवायची परवानगी दिलेली होती. राशिभविष्य, हवामान, नोकरभरती, शिवाय परदेशातलं कुठलंसं बुटांचं दुकान.

"आबा, एवढ्या समद्यांना अलाऊ कुणी केलं?"

"म्याच की."

"अन् हे बुटाचं दुकान कशाला?"

"परवानगी देता का, म्हणून विचारलं त्यानं. एवढ्या अदबीनं विचारल्यावर नाय कसं म्हणावं?"

दिपाली एकेक साइट बंद करत गेली. "आबा, कुणीबी विचारलं की लगेच हो म्हणायचं नसतं."

मुंजाबानं शेरडांपुढं पाला टाकला, हात झटकले आणि तिच्याकडं न बघताच म्हणाला,



"मला विचारलं की मी हो म्हणतो, पोरी. कोर्टात लग्न लावायच्या आधी तू बी एकदा विचारून बघायचं व्हतं."